पानं बरोबर

रविवारी दुकान बंद असायचं, पण त्या रविवारी सकाळी दहाच्या आत शटर अर्धं वर गेलं आणि घरातले सगळे वाकून आत शिरले. नाना सगळ्यांत शेवटी, कारण त्यांना वाकायला वेळ लागायचा आणि कुणी हात पुढे केला की राग यायचा.

विद्यापीठाच्या फाटकासमोर हे बाइंडिंगचं दुकान बावन्न वर्षं उभं होतं. इथून प्रबंध बांधून घेऊन किती पोरं डॉक्टर झाली याचा पत्ता नानांनाही नव्हता. पण त्यांतल्या एकाही प्रबंधाच्या पाठीवर आपलं आडनाव सोनेरी अक्षरांत उमटलं नाही, हे मात्र त्यांना रोज आठवायचं. थोरला मुलगा शाळा संपताच शिवणीला बसला. धाकटा मोठ्या झोकात समोरच्या फाटकातून आत गेला आणि दीड वर्षात गुपचूप बाहेर आला. त्यानंतर नाना नऊ वर्षं त्याच्याशी बोलले नव्हते. सगळ्यांत मोठी त्यांची मुलगी, म्हणजे घरातली आत्या, तिला तर शिकायचंय का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आता थोरल्याची मुलगी उद्या, सोमवारी, प्रबंध सादर करणार होती. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आज ती दाराजवळच्या स्टुलावर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, आणि पंधरा मिनिटं तशीच होती. आत्यानं ते पाहिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, पोरीला झोप मिळालेली नाही, बाकी काही नाही.

"चला, कामाला लागा," थोरला म्हणाला. त्यानं आज इस्त्रीचा शर्ट घातला होता, खळीच्या कामाला. "ताई, पानं."

घरच्या प्रबंधाला परक्या माणसाचा हात लागायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. आत्या पानं तपासणार, थोरला शिवणार, धाकटा कडा कापणार आणि नाना पुठ्ठा चढवणार. भिंगरीच्या आईनं चहाचा थर्मास आणला होता आणि कुणालाही नको असताना ती सगळ्यांना चहा देत होती.

पुठ्ठा टेबलाच्या मधोमध पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. खरं तर तो अजून जन्माला यायलाच नको होता. आधी पानं, मग शिवण, मग जाडी मोजून पुठ्ठा, हा या धंद्याचा क्रम. धाकट्यानं लहानपणी एकदा पानांआधी पुठ्ठा करून ठेवला, तेव्हा नानांनी गिऱ्हाइकांसमोर त्याचा कान पिळला होता. पण नानांचा हात गेल्या वर्षापासून थरथरायला लागला होता. महिन्यापूर्वी नव्या औषधानं आठ दिवस तो कसा कोण जाणे स्थिर राहिला, आणि त्या आठ दिवसांत नानांनी नातीला फोन करून विचारलं, "किती पानं होतील गं?" ती म्हणाली, "दोनशे बारा." तेवढ्या जाडीची पाठ करून नानांनी त्या पाठीवर आडनावाचं सोनं चढवलं. नवव्या दिवशी हात पुन्हा थरथरू लागला.

आत्यानं गठ्ठा पुढे ओढला आणि अंगठ्यानं पानं सोडायला सुरुवात केली.

या दुकानात एक नियम होता. आपण पानं मोजायची, वाचायची नाहीत. वाचणाऱ्या बाइंडरला मतं फुटतात, आणि मतं फुटलेल्या बाइंडरकडे कुणी दुसऱ्यांदा येत नाही, असं नाना म्हणत. आत्यानं तीस वर्षांत हजारो प्रबंध हाताखालून घातले होते आणि त्यांतल्या एकाचंही एक वाक्य तिला सांगता आलं नसतं. ती पानाचा आकडा बघायची, छपाई तिरकी नाही ना, शाई फुटलेली नाही ना, एवढंच बघायची. सगळं तपासून झालं की मोठ्यानं म्हणायची, "पानं बरोबर." ते दोन शब्द कानावर पडेपर्यंत नाना कुणाला सुईत दोरा ओवू देत नसत.

एकोणिसाव्या पानावर बारीक रेघांची कसली तरी आकृती होती. एक्केचाळिसाव्यावर सात ओळींचं कोष्टक होतं, त्याची शेवटची चौकट रिकामी. आत्याचा अंगठा पुढे गेला. एकाहत्तराव्या पानावर पुन्हा सात ओळींचं कोष्टक आलं, शेवटची चौकट रिकामी. असतं एखादं सारखं, असं म्हणून ती पुढे गेली. एकशेएकाव्या पानावर तिचा अंगठा थांबला.

तिनं वर पाहिलं नाही. पुढे मोजतही बसली नाही, सरळ एकशेएकतिसावं पान उचललं. कोष्टक तिथं तिची वाटच बघत होतं.

मग आत्यानं तीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. त्रेसष्टाव्या पानाची पहिली ओळ वाचली आणि तेहेतिसाव्याची वाचली. एकच ओळ. आकडे सगळे नीट चढत गेले होते, एकापासून दोनशे बारापर्यंत, एकही सुटला नव्हता. पण बासष्ट पानांनंतर प्रबंध संपला होता आणि पुढे तीच तीस पानं पाच वेळा छापलेली होती.

आत्यानं मान वर केली तर भिंगरी तिच्याकडेच बघत होती. कुणाची चोरी पकडली गेली की तो दुसरीकडे बघतो. ही पोर डोळे न हलवता बघत होती. मग ती उठली आणि मागच्या खोलीत गेली.

"झाली का पानं?" थोरल्यानं विचारलं.

"नाही अजून. घसा सुकलाय, पाणी पिऊन येते."

"चहा देऊ का, ताई?" भावजय म्हणाली.

"पाणी," आत्या म्हणाली, आणि जाताना गठ्ठ्यावर लोखंडी वजन ठेवून गेली.

मागच्या खोलीत कागदाची रिमं, पुठ्ठ्यांची चळत आणि ती जुनी ओली भिंत होती, जिच्यामुळे सगळा माल हातभर पुढे मांडावा लागायचा. भिंतीवर खालपासून छातीपर्यंत पेन्सिलच्या आडव्या रेघा होत्या, प्रत्येकीपुढे तारीख. भिंगरी शाळेत असताना तिनं हे भिंतीवर काढलं म्हणून नानांनी केवढा आरडाओरडा केला होता. आता ती त्याच भिंतीशी उकिडवी बसली होती आणि तिला श्वास पुरत नव्हता.

"आत्या, बोटं... बोटांना मुंग्या आल्यात. छातीत काहीतरी होतंय. मी मरतेय का?"

"नाही," आत्या म्हणाली. तिला स्वतःला खात्री नव्हती, पण आवाजात खात्री होती. तिनं चळतीतून कोऱ्या कागदांचा गठ्ठा ओढला, घडी दाबायची पट्टी भिंगरीच्या हातात दिली आणि शेजारी फरशीवर बसली. "घडी घाल. कडेला कड लाव. आता पट्टी फिरव, सावकाश, आणि फिरवताना श्वास सोड. पुढचा कागद घेताना घे. मी मोजते."

पहिल्या चार घड्या वाकड्या गेल्या. सातवी बरी आली. बाराव्या कागदाला पोरीचे खांदे जरा खाली उतरले.

"कधीपासून होतंय हे?"

"सात-आठ महिने. फाइल उघडली की अक्षरं नुसती दिसतात, कळत नाहीत. गाइड मॅडमचे मेल येतात, मी उघडतच नाही. चाळीस झालेत. घरातून लायब्ररीला म्हणून निघते आणि सायकल स्टँडमागे बसून राहते." ती कागदाकडे बघत बोलत होती. "नानांनी विचारलं किती पानं, तेव्हा मला काही सुचलं नाही. तोंडाला आला तो आकडा सांगितला. मग त्यांनी पुठ्ठाच केला, आत्या. फोटो पाठवला मला. आपलं आडनाव, सोन्यात. मग मी काय सांगू?"

"आणि उद्या काय होणार होतं?"

"माहीत नाही. उद्यापर्यंतच विचार केला होता." घडी घालणारा हात थांबला. "जिना उतरताना वाटतं, पाय घसरावा. मोडावा. मग कुणी काही विचारणार नाही."

आत्यानं तिच्याकडे वळून विचारलं, "मोडावा, एवढंच? की त्याच्या पुढचंही काही येतं मनात?"

भिंगरीनं हातातली घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"येतं कधीकधी. मी करणार नाही काही. पण येतं."

आत्यानं तिचं मनगट धरलं. तिला रडू येत होतं आणि रडायची ही वेळ नव्हती. "हे तू मला सांगितलंस. आता ते तुझ्या एकटीचं राहिलं नाही. उद्या सकाळी आपण दोघी जाऊ. आधी तुझ्या मॅडमकडे, मग तिथंच आवारात ते समुपदेशक बसतात त्यांच्याकडे. मी दाराबाहेर बसेन, हवं तर आत येईन. आणि तोवर मी तुला नजरेआड करणार नाही, तुला राग आला तरी."

"काय चाललंय दोघींचं?"

दारात धाकटा उभा होता, कटिंग मशीनचं नवं पातं न्यायला आलेला. त्यानं दोघींची तोंडं पाहिली, घड्या घातलेल्या कागदांचा ढीग पाहिला आणि दार लोटून घेतलं. घरात तो सगळ्यांची टिंगल करण्यासाठी प्रसिद्ध होता. आत्यानं त्याला चार वाक्यांत सगळं सांगितलं, तेव्हा त्याला एकही विनोद सुचला नाही.

"बांधून टाकू," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"ताई, ऐक. तू बाहेर जाऊन म्हण पानं बरोबर. दादा शिवेल, मी कापेन, नाना पुठ्ठा चढवतील, फोटो काढू, पेढ्यासारखे गोड होऊन घरी जाऊ. उद्या ती तो देणारच नाही. दोन महिन्यांनी सांगू, काहीतरी दुरुस्त्या निघाल्या म्हणून."

"आणि हे दोन महिने तिनं कुठं बसायचं? सायकल स्टँडमागे?"

"तुला आठवतं ना माझं काय झालं?" धाकट्याचा आवाज चढला आणि त्यानं तो स्वतःच दाबला. "नऊ वर्षं. एकाच पंगतीत बसून नाना आईला सांगायचे, त्याला मीठ हवं असेल तर दे. तिच्या वाट्याला हेच यावं का?"

भिंगरीनं आत्याचा हात घट्ट पकडला. "आत्या, फक्त तेवढं म्हण ना. दोनच शब्द आहेत."

आत्याला वाटलं, म्हणावं. या पोरीसाठी ती काहीही करायला तयार होती, आणि खोटं बोलणं हे त्यातलं सगळ्यांत सोपं काम होतं. तिनं तसं म्हटलं तर दुपारपर्यंत सगळे आनंदात असते. फक्त त्यानंतर ही पोर बांधलेल्या प्रबंधासोबत खोलीत एकटी असती, आणि बोलायची वाट कायमची बंद झालेली असती.

"ताई!" बाहेरून थोरल्याची हाक आली. "विहीर खणतेस का पाण्याला?"

तिघं बाहेर आले. थोरल्यानं सुई आणि दोरा हातात तयार धरला होता. भावजय लेकीकडे बघून म्हणाली, "आता एकच दिवस राहिला गं राणी. उद्या एकदा देऊन झालं की मग झोप हवी तेवढी." त्या आवाजात एवढी विनवणी होती की आत्याच्या लक्षात आलं, हिलाही दिसलेलं आहे. किती ते माहीत नाही, पण दिसलेलं आहे.

नानांनी पुठ्ठ्यावरचं फडकं काढलं. सोनेरी आडनाव ट्यूबलाइटखाली चमकलं. उजवा हात त्यांनी डाव्या हातानं धरून ठेवला होता.

"पानं?" त्यांनी विचारलं.

आत्यानं वजन बाजूला केलं आणि तळवा गठ्ठ्यावर ठेवला. धाकटा तिच्याकडे बघत होता. तिनं गठ्ठ्याची कड उगाच सारखी केली.

"पानं?" नाना पुन्हा म्हणाले. तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना दोनदा विचारावा लागला नव्हता.

"मी सांगत नाही, नाना," आत्या म्हणाली. "जिची आहेत ती सांगेल. मी तिच्या बाजूला उभी आहे." आणि ती खरोखरच टेबलाला वळसा घालून भिंगरीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"पानं बरोबर नाहीत, नाना," भिंगरी म्हणाली. "बासष्टच आहेत. पुढची तीच तीच आहेत. मला लिहिता येत नाहीये. खूप दिवस झाले. मी खोटं बोलले."

थोरल्याच्या हातातली सुई तशीच राहिली. मग तो टेबलाशी आला, पानं उलटली, आणखी उलटली, आणि ती खाली आपटली.

"तीन वर्षं! तीन वर्षं काय करत होतीस तू? समोरच्या गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय माझं! आणि ताई, तुला माहीत होतं?"

"अर्ध्या तासापासून."

"मला माहीत होतं," धाकटा मध्येच म्हणाला, आणि त्यात तसूभरही सत्य नव्हतं. "माझ्यावर ओरड. मला सवय आहे."

"तू तर बोलूच नको! घरात एक पळपुटा होता तेवढा पुरे नव्हता का?"

"अहो, पुरे!" भावजयीनं थर्मास टेबलावर आदळला. नवऱ्यावर ओरडायची तिची रीत नव्हती, त्यामुळे सगळेच तिच्याकडे वळले. "केस गळतात तिचे मूठ-मूठभर. न्हाणीतली जाळी मी साफ करते रोज. जेवण डब्यात परत येतं, ते मी टाकून देते, तुम्हाला कळू नये म्हणून. एक दिवस, अजून एक दिवस, असं करत मी गप्प बसले. मी आई आहे आणि मी गप्प बसले." मग तिनं लेकीला जवळ ओढलं आणि भिंगरी इतक्या जोरात रडली की बाहेर रस्त्यावरून जाणारा एकजण शटरखालून डोकावून गेला.

थोरला शटरकडे निघाला. त्याला बाहेर जायचं होतं, कुठं ते त्यालाही ठाऊक नसावं.

"थांब," नाना म्हणाले.

ते इतका वेळ पुठ्ठ्याकडे बघत होते. त्यांनी पट्टी घेतली, कापायची सुरी घेतली. हात थरथरत होता, म्हणून त्यांनी धाकट्याकडे न बघता म्हटलं, "पट्टी धर." धाकट्यानं दोन्ही हातांनी पट्टी दाबून धरली. नानांनी पुठ्ठ्याच्या सांध्यावरून सुरी ओढली. एकदा ओढली, मग दुसऱ्या बाजूनं ओढली, आणि सोन्याची पाठ पुठ्ठ्यापासून सुटून टेबलावर पडली.

"नाना!" थोरला ओरडला. "पुन्हा कधी होणार ते तुमच्या हातून?"

"नाही होणार," नाना म्हणाले. "चूक माझी आहे. पानांआधी पुठ्ठा केला मी. याचा कान पिळला होता त्यासाठी, आणि म्हातारपणी स्वतः तेच केलं, घाई झाली म्हणून." 'याचा' म्हणताना त्यांनी सुरीनंच धाकट्याकडे खूण केली. "पानं होतील तेव्हा होतील, होतील तेवढी होतील. पाठ तेव्हा त्या जाडीची करता येईल. नाही झाली तरी हे पुठ्ठे कशालाही लागतील. आणि सोनं तिची आत्या चढवेल. टाकाऊ पुठ्ठ्यांवर इतकी वर्षं कोण सराव करतं, ते मला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

आत्या लाल झाली. पंचावन्न वर्षांच्या बाईनं असं लाल होणं बरं दिसत नाही, पण झाली.

भिंगरीनं ओढणीनं तोंड पुसलं. "नाना, तुम्ही बोलणं टाकणार नाही ना माझ्याशी?"

नानांनी धाकट्याकडे पाहिलं. नऊ वर्षांच्या त्या मौनाबद्दल या घरात कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"एकदा टाकून पाहिलंय," ते म्हणाले. "काही मिळालं नाही त्यात."

धाकटा खाली वाकून फरशीवरची कात्रणं गोळा करू लागला. फरशीवर फारशी कात्रणं नव्हती.

"बासष्ट खरी आहेत ना?" नानांनी विचारलं.

"हो. ती माझीच आहेत."

"कशावर आहे हे?"

थोरल्यानं आत्याकडे पाहिलं, आत्यानं भावजयीकडे. तीन वर्षं घरात प्रबंध हा एकच विषय होता. किती पानं, कधी देणार, पुठ्ठा काळा की तांबडा, सगळं बोलून झालं होतं. तो कशावर आहे हे यांच्यापैकी एकालाही सांगता आलं नसतं. भिंगरीनंही एकेकाच्या तोंडाकडे बघून घेतलं.

"ओलीवर," ती म्हणाली. "भिंतीत ओल कशी चढते त्यावर."

"आपल्या मागच्या भिंतीत चढते तशी?"

"आपल्या मागच्याच भिंतीत, नाना. एकोणिसावं पान."

आत्यानं एकोणिसावं पान काढलं. बारीक आडव्या रेघा, प्रत्येकीपुढे तारीख. मघाशीच तिचा अंगठा यावरून गेला होता. तिनं पान नानांसमोर ठेवलं. नानांनी चष्मा लावला, वाकले आणि शेवटच्या रेघेवर थरथरतं बोट ठेवलं.

"मी तुला पुसायला लावल्या होत्या या."

"तुम्ही गेल्यावर मी परत काढल्या होत्या."

नाना हसले की खोकले, ते कळलं नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. "वाच," ते म्हणाले. "पहिल्या पानापासून. आणि सावकाश वाच, मला सवय नाही."

थोरला अजून शटरपाशीच होता. त्यानं सुई डबीत ठेवली, डबी खिशात टाकली, आणि परत येऊन कागदाच्या रिमावर बसला, मुलीकडे पाठ करून, पण बसला.

भिंगरीनं पहिलं पान हातात घेतलं. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्या वाक्यात तिचा श्वास अडकला आणि ती थांबली. आत्यानं घडीची पट्टी तिच्या हातात दिली. सगळे तिच्याकडे बघत होते आणि घाई कुणालाच नव्हती.